तुमच्यात आत्मा जातो कुठे?

"तुमच्यात पुनर्जन्म नाही, तेरावं नाही, पिंडाला कावळा शिवायचा प्रश्न नाही. मग मेल्यावर आत्मा जातो कुठे?" स्टाफरूममध्ये डबे उघडले की कधी ना कधी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मॅडम, तुमची आई नुकतीच गेलेली, तुम्ही तो विचारलात, तेव्हा नेमकी घंटा झाली आणि उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आम्ही मुसलमान काय मानतो, ते आता नीट सांगते.

आमच्या दादीपासून सुरुवात करते. रात्री ती उजव्या कुशीवर वळायची, तळहात गालाखाली घ्यायची आणि पुटपुटायची, "अल्लाहुम्मा बिस्मिका अमूतु व अहया." हे अल्लाह, तुझ्याच नावाने मी मरते आणि जगते. सकाळी डोळे उघडताच मेलेल्याला पुन्हा जिवंत करणाऱ्याचे आभार. लहानपणी मला भीती वाटायची. झोपताना मरणाचं नाव कशाला? पुढे कुराणातली सूरह (अध्याय) जुमर वाचली तेव्हा उलगडलं. अल्लाह मरणाच्या वेळी जीव काढून घेतो आणि जे मेले नाहीत त्यांचाही झोपेत घेतो. ज्यांची वेळ भरली त्यांचा ठेवून घेतो, बाकीच्यांचा ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. दादी रोज रात्री आपली रूह, म्हणजे आत्मा, ज्याची त्याला सोपवत होती.

रूह म्हणजे नेमकं काय, हे लोकांनी पैगंबरांनाही विचारलं होतं. कुराणातलं उत्तर अगदी थोडक्यात आहे: रूह ही माझ्या रबच्या, म्हणजे पालनकर्त्याच्या, हुकुमातली गोष्ट, आणि तुम्हाला ज्ञान दिलंय ते थोडंच. मला हे उत्तर फार जवळचं वाटतं.

दादी गेली तेव्हा गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायला आम्ही चौघी होतो. बोरीचा पाला घालून उकळलेलं, कोमट केलेलं पाणी. शेवटच्या पाण्यात कापूर. अंगावर चादर तशीच, हात चादरीखालून. आधी उजवी बाजू. माझ्या हातून तांब्या जरा जोरात ओतला गेला, तशी फुफूने, माझ्या आत्याने, माझं मनगट धरलं. "आहिस्ता," एवढंच म्हणाली. मेलेल्याचं हाड मोडणं जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. कयामतच्या, म्हणजे अंतिम न्यायाच्या, दिवशी देहासकट उठायचं आहे, म्हणून त्या देहाला इतकं जपायचं. मग पाच कापडांचं कफन झालं आणि पुरुष तिला घेऊन गेले. आमच्याकडे बायका दफनाला जात नाहीत. तीन मुठी माती देताना म्हणतात ती आयत (कुराणातलं वचन) मी घरीच म्हटली: यातूनच तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ आणि यातूनच पुन्हा एकदा बाहेर काढू.

तर रूह जाते बरजखमध्ये. या शब्दाचा अर्थच मुळी आडपडदा. मरण आणि कयामत यांच्यामधला तो मुक्काम. कबरीत मुनकर आणि नकीर हे फरिश्ते (देवदूत) विचारतात, तुझा रब कोण, तुझा दीन (धर्म) कोणता, तुझा पैगंबर कोण. तिथून मागे फिरता येत नाही, म्हणून इच्छा राहिली की आत्मा घुटमळतो असं आम्ही मानत नाही. पुढचा हिशोब, तराजू, जन्नत, जहन्नम तुम्ही ऐकलेलं असेल. त्यातली सूरह जिलजालची आयत मला रोज आठवते: कणभर चांगलं केलं असेल तर तेही दिसेल, कणभर वाईट केलं असेल तर तेही. जन्म एकच, म्हणून त्या कणाचीही किंमत.

मॅडम, घंटा झाल्यावर दारात थांबून तुम्ही हळूच विचारलंत, "मग भेट होते का परत?" होते, आमची तशी श्रद्धा आहे. सूरह तूरमध्ये वचन आहे की ईमानवाल्यांना, म्हणजे श्रद्धा ठेवणाऱ्यांना, त्यांच्या मागून ईमानानं चाललेली त्यांची मुलंबाळं जोडून दिली जातील. तोवर, हदीस सांगते, गेलेल्या माणसाची सगळी कर्मं थांबतात, तीन सोडून: चालू राहणारं दान, लोकांना उपयोगी पडणारं ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. तिसऱ्या दिवशीची जियारत, चाळिसावा या मृत्यूनंतरच्या विधींवर आमच्या घरातच दोन मतं आहेत. वरच्या तीन गोष्टींवर नाहीत.

दादीने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दाराबाहेर रांजण ठेवला होता. तो अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भरावा लागतो. भरून झाला की मी तिच्यासाठी दुआ मागते आणि झाकणावर पेला उपडा घालते.