टूरिंगसाठी हलकी पण रुंद स्की कशी निवडली – कोल्हापुरातून माझा अनुभव

कोल्हापुरात बसून स्की निवडायची म्हणजे हातात घेऊन बघायला दुकान नाही, सगळं आकड्यांवरच ठरवायचं. त्यामुळं ते आकडे नीट वाचायला शिकणं हेच मुख्य काम होतं आणि त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितोय. औलीला कोर्स केला, मग गुलमर्गला भाड्याच्या स्कीवर भरपूर फिरलो, आणि तिथंच कळलं की मला गोंडोलापेक्षा (म्हणजे तिथल्या रोपवेपेक्षा) स्की घालून स्वतःच्या पायानं चढून, कुणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरायला जास्त आवडतं. यालाच टूरिंग म्हणतात. पन्हाळा-पावनखिंड दर पावसाळ्यात करणारा माणूस मी, चढाचं वावडं कधीच नव्हतं.

आधी रुंदी. स्कीच्या नावात ९५, १०५ असा जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा बुटाखालची रुंदी असते, मिलिमीटरमध्ये. कोर्सला मिळते ती स्की ७०-८० ची, दाबून सपाट केलेल्या उतारासाठी ती मस्त, पण गुलमर्गला चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत, एक मोठं वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिमवृष्टीचं वादळ, येऊन गेलं की मांडीपर्यंत मऊ बर्फ असतो आणि त्यात अरुंद स्की सरळ बुडते. १७० सेंटिमीटर लांबीच्या स्कीची रुंदी २ सेंटिमीटरनं वाढवली तर एका पायाखाली ३४० चौरस सेंटिमीटर जागा वाढते, ए-फोर कागदाच्या निम्म्याहून जास्त. तरंगायला तेवढा फरक खूप होतो.

मग थेट ११५ का नाही घेतली? कारण चढताना आडव्या उतारावर, विशेषतः सकाळी बर्फ कडक असताना, स्कीची कड बुटाच्या मध्यापासून जेवढी लांब तेवढा घोटा पिळतो. पाय वाकडा होतो, कड धरत नाही, आणि खाली दरी असते. शिवाय रुंद स्कीला स्किन (चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला गोंदानं चिकटवायची केसाळ पट्टी) पण रुंद लागते, म्हणजे परत वजन. हे सगळं बघून मी ९८ ते १०७ च्या मधेच शोधायचं ठरवलं.

वजनाचा हिशोब माझ्या मित्रानं घालून दिला, त्याचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे आणि आकड्यांशिवाय तो बोलतच नाही. म्हणाला, भावा, हजार मीटर चढायचं, वाट साधारण १२ अंशाची धर, म्हणजे अंतर झालं पावणेपाच किलोमीटर, एक पाऊल ६० सेंटिमीटरचं, म्हणजे एकेक पाय चार हजार वेळा पुढं ढकलायचा. स्की ३०० ग्रॅमनं जड असली तर एका पायाला दिवसाचे १२०० किलो जास्त. आता टूरिंगमध्ये स्की उचलायची नसते, बर्फावरून सरकवायची असते, त्यामुळं ते सगळं वजन उचललं जात नाही हे खरं, पण मांड्यांना कळतंच. एक गोष्ट लक्षात ठेवा, टूरिंग स्कीचं वजन बहुतेक एका स्कीचं लिहितात, जोडीचं नाही.

पण हलकं म्हणजे किती हलकं, इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पॉलोनियासारखं हलकं लाकूड आणि कार्बन वापरून १०५ रुंदीची स्की सव्वा किलोपर्यंत आणता येते, मऊ बर्फात ती स्वर्ग आहे. मार्चमध्ये मात्र दुपारी वितळलेला बर्फ रात्रीत परत गोठतो, आणि त्या खडबडीत थरावर इतकी हलकी स्की थरथरते, दिशा सोडते, कारण धक्का शोषायला तिच्यात मालच नाही. दोन किलोची फ्रीराइड स्की, म्हणजे फक्त उतरण्यासाठी बनवलेली जड स्की, तिथं शांतपणे जाते पण ती वर न्यायची कुणी? माझं मत अगदी स्पष्ट आहे, एकच जोडी घ्यायची असेल तर १०० ते १०५ रुंदी आणि एका स्कीला दीड किलोच्या आसपास, त्याच्या खाली मोहात पडून जाऊ नये.

शेवटी दोनच उरल्या, ॲटोमिक बॅकलँड १०७ आणि ब्लिझार्ड झीरो जी १०५. बॅकलँड जास्त मऊ आणि खेळकर, झीरो जी कडक, कड घट्ट धरणारी. मला उतारापेक्षा आडव्या चढावर पाय घट्ट राहिलेला हवा होता म्हणून झीरो जी, १७२ सेंटिमीटर, जवळजवळ माझ्या उंचीएवढी. देवदारांच्या गर्दीत किक टर्न मारताना, म्हणजे चढावर एकेक स्की उचलून उलट दिशेला वळवताना, लांब स्की नकोशी होते. बूट आधीच होते, चार बकलांचे, आणि ते महत्त्वाचं, कारण एक किलोच्या मऊ बुटानं १०५ ची स्की वळवायला त्रास होतो. म्युनिकला मामेभाऊ असतो, तो सुट्टीला येताना स्की आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारा भाग, घेऊन आला.

बाइंडिंग पिनवालं, बुटाच्या पुढच्या दोन खाचांत पिना बसतात, चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना ती मागच्या पिनांवर बसवायची. फ्रिट्झ बार्टेल या ऑस्ट्रियन माणसानं १९८० च्या दशकात ही कल्पना काढली आणि पुढं डायनाफिटनं ती बाजारात आणली. आता हे बसवणार कोण? मित्राच्या शॉपमध्येच बसवलं. कागदी टेम्प्लेट शंभर टक्के स्केलवर प्रिंट करून व्हर्नियरनं तपासला, त्यावरून ॲल्युमिनियमचा जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा, केला. ड्रिलवरच्या मामांना म्हणलं, मामा, साडेतीनचं बिट, खोली नऊच्या पुढं जायला नको. "व्हय, स्टॉपर लावतो की. पण एवढ्या पातळ फळीवर माणूस हुबा ऱ्हातोय?" असं विचारत त्यांनी पहिलं भोक आधी भंगारातल्या प्लायवर मारून दाखवलं, मगच स्कीला हात लावला. बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्याची रेघ मधोमध असणं जीवावरचं काम आहे, ती अर्धा मिलिमीटर जरी तिरकी गेली तरी टाच पिनेवर बसत नाही. भोकात इपॉक्सी भरून स्क्रू पिळले म्हणजे पाणी आत जाऊन लाकूड कुजणार नाही. इतक्या काळजीनं केलेलं काम मी कुठल्याच स्की दुकानात बघितलेलं नाही.

स्किन मोहेर (अंगोरा बकरीचे केस) आणि नायलॉन मिक्स घेतल्या, निव्वळ मोहेर छान सरकते पण लवकर झिजते, नायलॉन पकडते पण ओढावी लागते. कापताना दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या कडा उघड्या ठेवायच्या. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उकाड्यात गोंद पातळ होतो म्हणून जाळी लावून, पिशवीत, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात.

फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या बाजूला स्की वापरली. चढताना तिसऱ्या तासाला पण पाय हलके होते, आणि उतरताना मऊ बर्फात टोकं आपोआप वर राहत होती, मागं वजन टाकायची गरजच नाही. कडक पट्ट्यात थोडी थरथर झाली, तिथं वेग कमी ठेवला. रुंद स्की मिळाली की मोठ्या उतारांचा मोह होतो आणि ३० अंशांच्या वरचा उतार म्हणजे हिमस्खलनाचा उतार, त्यामुळं ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार नसेल तर स्कीचे पैसे आधी तिकडं घाला.

जिग अजून शॉपमध्येच आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या कुणाला याच बाइंडिंगसाठी लागला तर बूट सोबत घेऊनच या, तळव्याची लांबी मोजल्याशिवाय मामा ड्रिल चालू करत नाहीत.