ते पोट खरोखरच दुखत असते

जूनमध्ये शाळा सुरू झाली की परिपाठाच्या वेळी पोट दुखणारी मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसतात आणि बहुतेकांचे दुखणे थोड्याच दिवसांत आपोआप थांबते. एखाद्या मुलाचे मात्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुखतच राहते. तेही शनिवारी दुपारनंतर मुळीच नाही आणि रविवारी रात्री दप्तर भरताना हमखास. रक्त तपासून होते, सोनोग्राफी होते, सगळे नॉर्मल येते आणि घरातले कुणीतरी म्हणते, "नाटकं करतोय." शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त खटकणारे वाक्य हेच आहे, कारण ते पोट खरोखरच दुखत असते. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते, ॲड्रेनालिन वाढते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, आणि मग मळमळ, मुरडा, सारखी लघवीची भावना हे सगळे ओघाने येते.

भीती ही आजार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे किंवा अडीच वर्षांच्या बाळाने आईला सोडताना रडणे हे वाढीचाच भाग आहे. भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, सरता सरत नसेल आणि तिच्यापायी शाळा, मैत्री, झोप यांचे नुकसान होत असेल, तर तो चिंताविकार समजावा. आई-वडिलांपासून दूर होण्याची भीती मुलांमध्ये किमान चार आठवडे टिकली, तर तिचा विकार म्हणून विचार होतो. चारचौघांत वावरण्याच्या भीतीसाठी हीच मुदत सहा महिन्यांची आहे.

एका मुलीबद्दल सविस्तर लिहिते. घरी आजीशी अखंड बोलणारी, गाणी म्हणणारी ही मुलगी वर्गात हजेरीला "हजर" एवढाही शब्द उच्चारत नसे. तहान लागली तरी बाईंना सांगत नसे. प्रगतिपुस्तकात सलग दोन वर्षे "लाजाळू आहे" असा शेरा होता. याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात, आणि २०१३ साली आलेल्या, मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याचा समावेश चिंताविकारांमध्ये करण्यात आला. ही मुले हट्टाने गप्प राहत नाहीत. भीतीने त्यांचा आवाजच फुटत नाही.

तिची आई दारापर्यंत येई आणि बाईंनी काही विचारले की मुलीच्या आधी स्वतःच उत्तर देई. पोटच्या पोरीची घालमेल कोणत्या आईला बघवेल? पण भीतीची सगळी मेख इथेच आहे. "राहू दे, आज नको जाऊस" असे म्हटल्याबरोबर मुलाला हायसे वाटते, आईलाही वाटते, आणि मूल मनाशी गाठ बांधते की गेलो नाही म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होऊन येते. मायेपोटी दिलेली ही सूट भीतीला खतपाणी घालते.

याचा अर्थ मुलाला स्टेजवर ढकलून "बोल, बोल" म्हणावे असा मुळीच नाही. १९२४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिले. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दर वेळी थोडा जवळ आणला जाई, आणि शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. आम्हीही तसेच केले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मुलगी आईशी खेळू लागली. मग दार उघडे ठेवले. मग बाई लांबच्या बाकावर वह्या तपासत बसू लागल्या. मग एक मैत्रीण आली. हजेरीला पहिला आवाज निघाला तो मैत्रिणीच्या कानात कुजबुजण्याचा, आणि बाईंनी त्याचा गाजावाजा केला नाही, हे त्यांचे मोठेच शहाणपण.

किशोरवयात हे रूप बदलते. चिडचिड, दार लावून बसणे, तोंडी परीक्षेच्या दिवशीच नेमका ताप, यामागची भीती ओळखणे अवघड जाते, आणि दहावीच्या नावाखाली ती झाकलीही जाते.

औषधांविषयी पालकांच्या मनात फार धास्ती असते. ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनी नुसत्या बोधात्मक वर्तनोपचाराने (भीतीचे विचार आणि वागणे हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने) सुमारे ६० टक्के, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के आणि दोन्ही मिळून ८१ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. औषध नसलेल्या गोळीने हेच प्रमाण २४ टक्के होते. औषध द्यायचे की नाही, हे मनोविकारतज्ज्ञांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

तज्ज्ञ जवळ नसतील तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. भेटीला जाताना दोन आठवड्यांच्या नोंदी सोबत न्याव्यात: त्रास कधी सुरू झाला, त्या दिवशी पुढे काय होते, घरच्यांनी काय केले आणि त्यानंतर तो किती वेळात थांबला. यातला तिसरा रकाना पालक बहुधा कोराच ठेवतात, आणि डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.