नागपंचमी की २४ ऑगस्ट : बहिणाबाईंच्या जन्मतारखेचा वाद

बहिणाबाई चौधरी यांच्यावरील लेखात मी पहिल्यांदा हात घातला तो केवळ शुद्धलेखन सुधारण्यासाठी. मराठीतल्या एका मुक्त ज्ञानकोशावर कोणीही संपादन करू शकतो, आणि मी फावल्या वेळात तिथे ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचे काम करत असे. त्या लेखातल्या एका वाक्यावर मात्र मी अडले. बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोदे गावी, नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी झाला, असे ते वाक्य होते. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला येते, तेव्हा १८८० साली ती खरोखरच २४ ऑगस्टला होती का, एवढे पाहावे म्हणून मी जुन्या पंचांगाचे गणित करून पाहिले. त्या वर्षी अमावास्या ६ ऑगस्टच्या सकाळी संपली होती, त्यामुळे शुद्ध पंचमी ११ ऑगस्टला, बुधवारी आली. पौर्णिमा २० तारखेला होऊन गेली होती. म्हणजे २४ ऑगस्ट हा वद्य पक्षातला दिवस होता आणि त्या दिवशी नागपंचमी असणे शक्यच नव्हते.

मी तारीख बदलून ११ ऑगस्ट केली आणि संपादनाच्या सारांशात ‘पंचांगानुसार दुरुस्ती’ असे लिहिले. तासाभरात एका जुन्या सदस्याने माझा बदल उलटवला. कारण म्हणून त्यांनी एकच शब्द लिहिला होता : ‘संदर्भ?’ मी पुन्हा बदल केला, त्यांनी तो पुन्हा उलटवला. तिसऱ्यांदा बदल करण्याचा मोह मला झाला होता, पण त्याआधी त्यांनी चर्चापानावर लिहिले, आणि पुढचे तीन आठवडे आमचा वाद तिथेच चालला. त्यांचे म्हणणे असे की ज्ञानकोशात संपादकाने स्वतः काढलेला निष्कर्ष चालत नाही. जे कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेले आहे तेच लिहायचे, आणि २४ ऑगस्ट ही तारीख अनेक ठिकाणी छापलेली आहे.

मला राग आला होता, हे मान्य करते. समोर चूक दिसत असताना ती केवळ छापील आहे म्हणून ठेवायची, हे मला पटत नव्हते. म्हणून मी त्यांनी दिलेले दुवे एकेक करून उघडले. सहापैकी पाच ठिकाणी आमच्याच लेखातला परिच्छेद जसाच्या तसा होता. आमच्याकडे ‘झाला’ या शब्दानंतर पूर्णविरामाऐवजी चुकून पडलेला स्वल्पविरामसुद्धा त्या पाचही ठिकाणी होता. सहावा दुवा जयंतीनिमित्त आलेल्या एका लेखाचा होता. आमच्या पानाचा इतिहास उघडून पाहिले, तर ते वाक्य त्या लेखाच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे होते. आमच्याकडून तारीख बाहेर गेली आणि तीच संदर्भ म्हणून आमच्याकडे परत आली. हे सगळे दिनांकांसह मी चर्चापानावर मांडले, तेव्हा त्या सदस्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता ते दुवे स्वतःहून काढून टाकले.

त्यानंतर त्यांनी जे लिहिले त्याने माझा दृष्टिकोन बदलला. तुमच्या गणिताने ११ ऑगस्ट सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. १८८० हे वर्ष, नागपंचमी हा दिवस आणि २४ ऑगस्ट ही तारीख या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. चूक तिन्हींपैकी कशात आहे ते गणित सांगत नाही. वर्षच चुकले असेल, तर ११ ऑगस्टलाही अर्थ उरत नाही. मी वर्षाला हातच लावला नव्हता, ते गृहीत धरूनच मोकळी झाले होते.

त्यावर मी लिहिले की या तिन्हींचे वजन तरी सारखे मानू नये. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ साली, म्हणजे ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर आला. तोवर त्यांची जन्मतारीख छापण्याची वेळ कोणावर येणार होती? शेतकरी कुटुंबात लेकीचा जन्म लक्षात राहतो तो सणावरून. नागपंचमी ही घरातली आठवण असू शकते. इंग्रजी तारीख मात्र बहुधा पुढे कोणीतरी बसवलेली असणार. हे त्यांना पटले, पण पटले म्हणून लेखात लिहिता येणार नव्हते, आणि तोवर तेवढे मलाही कळले होते.

अखेर मजकूर असा ठरला : माहितीचौकटीत फक्त १८८०, मजकुरात ‘नागपंचमीच्या दिवशी जन्म झाल्याचे सांगितले जाते’, आणि तळटीपेत २४ ऑगस्ट ही तारीख प्रचलित असली तरी त्या वर्षीच्या नागपंचमीशी ती जुळत नाही, एवढी नोंद. तिथीवरून तारीख काढणे हे साधे गणित मानायचे की संशोधन, यावरही दोन दिवस गेले. पंचांगापंचांगांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण शुद्ध पक्षाचा वद्य पक्ष कोणत्याही पंचांगात होत नाही, या मुद्द्यावर तळटीप टिकली.

त्याच सुमारास लेखात कोणीतरी घातलेला एक अभंगही काढावा लागला. तो तुकारामांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचा होता. त्यावर वाद झाला नाही.

आता आम्ही दोघे पुढच्या वाक्यापाशी आलो आहोत. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला, असे तिथे लिहिले आहे. हे तेरा वर्षांचे वय घरच्या आठवणीतून आले आहे, की लग्नाच्या सालातून १८८० वजा करून कोणी काढले आहे, असा प्रश्न त्यांनी चर्चापानावर टाकला आहे. लग्नाचे साल स्वतंत्रपणे कुठे नोंदलेले सापडले, तर जन्मवर्षाचाही पडताळा घेता येईल. तोवर त्या वाक्यापुढे मी ‘संदर्भ हवा’ असा साचा लावून ठेवला आहे.