तुम्ही विचारलंत म्हणून: रिफर्बिश्ड सिंबल घ्यावं का?

गणपतीला दोनेक महिने उरले की हा प्रश्न यायला लागतो, आणि लग्नसराईच्या तोंडावर पुन्हा येतो. विचारणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे ऑर्केस्ट्रात किंवा चर्चमध्ये ड्रम वाजवणारे, ज्यांची पितळी सिंबल (ड्रमसेटवरच्या धातूच्या तबकड्या) आता पत्र्यासारखी वाजू लागली आहेत. दुसरे म्हणजे ड्रम शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील. प्रश्न एकच: "फॅक्टरी-रिफर्बिश्ड सिंबल नव्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतंय, घेऊ का?"

घ्या, पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मोबाइल रिफर्बिश करतात तेव्हा बॅटरी बदलतात, काच बदलतात. सिंबलमध्ये बदलण्यासारखं काहीच नसतं. तो धातूचा एकच तुकडा असतो आणि त्यावर जे काम होतं ते काहीतरी काढूनच होतं. मळ काढतात, डाग काढतात, कडेचा टवका घासून काढतात, कधी लेथवर पृष्ठभागाचा पातळ थर काढतात. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: यातून नेमकं काय काढलंय? नुसता मळ काढला असेल तर सौदा उत्तम. धातू काढला असेल तर किती आणि कुठून, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

धातूबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चांगलं सिंबल म्हणजे कासं. 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील, याला बी-20 म्हणतात. सिंबल बनवणाऱ्या कंपन्यांपैकी झिल्जनची ए मालिका, सेबियनच्या एए आणि एचएच, माइनलची बायझन्स ही सगळी याच धातूची. दुसरी जात बी-8, म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील. सेबियनची बी8एक्स त्यातली, आणि पाइस्तेची नावाजलेली 2002 मालिकासुद्धा. तेव्हा बी-8 म्हणजे हलका माल असं समजू नका. तिसरं पितळ, तांबं आणि जस्त. शिकाऊ सेटबरोबर येतात ती बहुधा पितळी. पितळी सिंबल रिफर्बिश्ड घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नवीच इतकी स्वस्त असतात की वाचलेले पैसे कुरिअरमध्ये जातात.

तळपायाला तेल लावायची काशाची वाटी घरात असेल तर तिला टिचकी मारून बघा. सिंबलचा सूर तिच्यातच आहे, धातू जवळजवळ तोच. आणि घरात काशाचं भांडं वापरलेल्या कुणालाही हे माहीत असतं की पितळेचं ताट फरशीवर पडलं तर पोचा येतो, काशाचं पडलं तर तडकतं. बी-20 सिंबलही असंच तडकतं. शिवाय या धातूचा स्वभाव पोलादाच्या उलट आहे. तापवून झटकन पाण्यात बुडवला तर तो चिवट होतो, हळूहळू थंड झाला तर ठिसूळ. कारखान्यात सिंबल असंच पाण्यात बुडवून घडवतात. म्हणून त्याला नंतर जोराची आच लागली की केलेलं काम बिघडतं. तडा गेलेलं सिंबल वेल्डिंगने जुळत नाही ते यामुळे. आणि बफिंग मशीनवर दाबून चकचकीत केलेल्या सिंबलपासून सावध राहायचं तेही यामुळेच.

"रिफर्बिश्ड" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कंपनीने किंवा तिच्या अधिकृत वितरकाने परत आलेला, प्रदर्शनात वाजवलेला किंवा किरकोळ डाग असलेला माल तपासून, साफ करून, बिल आणि वॉरंटीसह विकला तर तो खरा फॅक्टरी-रिफर्बिश्ड. "ओपन बॉक्स" (खोकं उघडलेला माल) आणि "बी-स्टॉक" (किरकोळ दोषामुळे दुय्यम ठरवलेला माल) हे त्याचेच भाऊ. पुष्कळदा त्यांना वाजवायची काठीसुद्धा लागलेली नसते. तिसरा प्रकार म्हणजे कुणीतरी जुनं सिंबल घेऊन, घासून, नवा मुलामा असल्यासारखं चमकवून विकतो तो. नाव तेच, वस्तू वेगळी. बिलावर "फॅक्टरी" हा शब्द कुणाच्या सहीने आलाय ते बघा. वॉरंटीत तडा धरलाय का, हे लिहून घ्या. तडा वगळला असेल तर वॉरंटीला फारसा अर्थ उरत नाही, कारण सिंबलचं दुसरं बिघडणार तरी काय?

आता तपासणी. लागणारं सामान साधं आहे: स्टीलची पट्टी किंवा टेप, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा (नसेल तर किराणा दुकानातला चालतो), मोबाइलची बॅटरी (म्हणजे टॉर्च) आणि एक ड्रमस्टिक. खाली चादर चौपदरी घालून घ्या. सोलापुरात ती शोधायला लागू नये.

आधी व्यास. सिंबल उपडं न ठेवता घुमट (मधला उंचवटा) खाली आणि कड वर अशी ठेवा आणि पट्टी सरळ कडेवरून कडेवर टाका. शिंप्याची टेप वरच्या बाजूने टाकू नका, ती घुमटावरून वळते आणि माप जास्त दाखवते. 14 इंची म्हणजे 35.6 सेंटिमीटर, 16 इंची 40.6, 18 इंची 45.7, 20 इंची 50.8. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पण 18 इंची म्हणून आलेलं सिंबल 44.5 भरलं, तर कडेला तडा होता आणि पूर्ण कड कापून टाकली आहे असं समजा. आडवं आणि उभं, दोन्ही मापं घ्या. ती जुळली नाहीत तर हातकानसीने कापलंय.

मग वजन. 16 इंची पातळ क्रॅश (जोराच्या एकेका फटक्यासाठीचं सिंबल) साधारण 900 ते 1100 ग्रॅम, 18 इंची क्रॅश 1300 ते 1600, 20 इंची मध्यम राइड (सतत ताल धरायचं मोठं सिंबल) 2100 ते 2500 या टापूत असतं. पण खरी तुलना त्याच मॉडेलच्या नव्या सिंबलशी करायची. बरेच विक्रेते एकेका नगाचं वजन ग्रॅममध्ये देतात, अशी दोन-तीन वजनं बघून ठेवा. हाताने घडवलेल्या मालात पन्नास-ऐंशी ग्रॅमचा फरक असतोच. दीडशे ग्रॅमने हलकं निघालं तर लेथ फिरली आहे. लेथ फिरवणं हा गुन्हा नाही. सिंबल पातळ झालं की सूर खाली उतरतो, आवाज लवकर उघडतो, काहींना तेच हवं असतं. पण मग ते ते मॉडेल राहिलं नाही आणि तडकायला सोपं झालं, हे किमतीत दिसायला हवं.

तिसरी तपासणी नखाची, आणि हिला वेळ द्या. अंगठ्याचं नख कडेवर हलकेच टेकवून पूर्ण फेरी मारा, वरून एकदा, खालून एकदा. नख कुठे अडकलं तर तिथे मोबाइलची बॅटरी मागून धरा, खोलीतला दिवा बंद करून. नुसता टवका असेल तर प्रकाश आरपार येत नाही. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर तो तडा. कडेचा तडा आधी आत, घुमटाच्या दिशेने जातो आणि मग पृष्ठभागावरच्या एखाद्या गोल खाचेत शिरून गोल धावतो. त्या वर्तुळाकार खाचांमध्ये तो डोळ्याला सापडत नाही, म्हणून बोटाने सिंबल किंचित वाकवून बघा, तडा असेल तर ओठासारखा उघडतो. बफिंगच्या खुणाही याच वेळी दिसतात. खाचा एका बाजूला स्पष्ट आणि दुसरीकडे पुसट असतील, किंवा निळसर-तपकिरी इंद्रधनुषी डाग असतील, तर तिथे मशीनने धातू तापवला आहे. असं सिंबल परत करा. शाईने छापलेलं कंपनीचं नाव पुसलं गेलंय एवढ्यावरून मात्र नाकारू नका, साध्या साफसफाईतही ते जातं. धातूत उठवलेला ठसा जागेवर हवा. आणि सिरियल नंबर मुद्दाम खरवडलेला दिसला तर माल चोरीचा असू शकतो, हात लावू नका.

मधलं भोक साधारण साडेबारा मिलिमीटरचं आणि गोल असतं. स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी न घालता वाजवलं की ते एका बाजूला खात जातं आणि कुलपाच्या छिद्रासारखं लांबट होतं. थोडं लांबट भोक चालेल. त्यातून बारीक रेघा फुटल्या असतील तर नको. घुमटाच्या पायथ्याशी, जिथे वळण बदलतं, तिथेही बॅटरी फिरवा.

शेवटी कान. स्टँडवर सैल ठेवा, शक्यतो शांत खोलीत. काठीच्या टोकाने घुमट आणि कड यांच्या मधल्या भागावर, काठीच्या खांद्याने (टोकामागच्या निमुळत्या भागाने) घुमटावर आणि कडेवर तिरका निसटता फटका. पहिला आवाज बहुतेक सगळ्याच सिंबलचा बरा वाटतो. लक्ष शेपटीकडे द्या. आवाज विरत जाताना अखंड विरला पाहिजे. मध्येच "झर्र" आलं, किंवा आवाज एकदम गळून पडला, तर कुठेतरी फट आहे. सौदा ऑनलाइन असेल तर विकणाऱ्याकडून एकसलग व्हिडिओ मागा: काट्यावर वजन, पट्टीवर व्यास, दोन्ही बाजूंची कड आणि मागे गाणं न लावता तीन फटके. चांगला विक्रेता हे सहज देतो.

कुठलं सिंबल रिफर्बिश्ड घ्यावं, यावर माझं मत ठाम आहे. राइड निर्धास्त घ्या. ती मधल्या भागावर वाजते, कडेवर मार पडत नाही, त्यामुळे जुनी राइडही धडधाकट असते. आणि नवी राइड सगळ्यात महाग, म्हणजे बचतही तिथेच मोठी. हायहॅट (पायाने एकमेकांवर मिटणारी दोन सिंबलची जोडी) घ्या, पण मूळ जोडीच घ्या. वरचं सहसा हलकं, खालचं जड. दोन वेगळ्या मालिकांची जोडी जुळवून विकतात ती नको. एकावर एक ठेवून कड सगळीकडे टेकते का बघा, पाय दाबल्यावर "चिक्" स्वच्छ आला पाहिजे. तो गुदमरल्यासारखा आला तर दोष सिंबलचाच असेल असं नाही, आत हवा अडकते. स्टँडवरचा खालच्या सिंबलचा स्क्रू फिरवून ते किंचित कलतं करा आणि पुन्हा ऐका. क्रॅश वरच्या सगळ्या कसोट्यांवर उतरला तरच. स्प्लॅश (छोटं, पातळ सिंबल) आणि चायना (कड उलटी वळलेलं सिंबल) रिफर्बिश्ड घेऊच नयेत, पातळ धातू आणि वाजवणारा जोरकस, त्यांनी काय सोसलंय ते दिसत नाही. नव्याच्या किमतीपेक्षा निदान तीस टक्के कमी नसेल तर सरळ नवं घ्यावं.

पार्सल सोलापूरपर्यंत येताना दोन-चार ठिकाणी उतरतं-चढतं. सिंबल दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, मधल्या भोकातून पट्टीने बांधलेलं आणि कड खोक्याला न टेकणारी अशी बांधणी आधीच सांगून ठेवा. कड टेकलेली असेल तर खोकं एकदा आपटलं की टवका पडलाच. खोकं फोडताना व्हिडिओ काढा, तोही न थांबवता, आणि परतीची मुदत संपेपर्यंत पुठ्ठे फेकू नका.

घरी आल्यावर सिंबल फुटतं ते बहुतेक स्टँडमुळे. आपल्याकडच्या जुन्या स्टँडच्या नळ्या आणि फेल्ट (नमद्याच्या चकत्या) हरवलेलेच असतात. बहुतेक स्टँडचा दांडा 8 मिलिमीटरचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप आणा, आतून 8 आणि बाहेरून 12 च्या आत, त्याचा 3 सेंटिमीटरचा तुकडा कापून दांड्यावर घाला. खाली वॉशर आणि जाड फेल्ट, वर फेल्ट, मग फुलपाखरी नट. नट इतकाच फिरवा की बोटाने ढकललं तर सिंबल मोकळं डोलेल. आवळलेलं सिंबल फटका झेलू शकत नाही, आणि तो धक्का कडेत किंवा भोकाशी तड्याच्या रूपाने बाहेर येतो.

पुढेमागे कडेला तडा गेलाच तर वेल्डरकडे नेऊ नका, ठोकून घेऊ नका. तड्याचं टोक शोधा, त्याच्या एक-दोन मिलिमीटर पुढे 3 मिलिमीटरचं भोक पाडा. खाली लाकूड, ड्रिलचा वेग कमी, तेलाचा थेंब. बारीक कानस आणि 400 नंबरच्या पॉलिश पेपरने भोकाची कड गुळगुळीत करा. तडा जुळत नाही, पण तिथे थांबतो आणि सिंबल आणखी काही काळ कामाला येतं.

मिरवणुकीनंतर खाचांमध्ये गुलाल आणि घाम बसतो. तो तसाच राहिला तर आवाज मंदावतो आणि पुढे हिरवट डाग धरतो. चिंच, लिंबू किंवा भांडी चमकवायची पावडर लावू नका. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं, आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. बोअरचं पाणी वापरलं असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. पिशवीत घालण्याआधी अर्धा तास पंख्याखाली ठेवा.