बेल ओंब्रचा बंगला आणि सहा आकडी नंबर

आधीच सांगून ठेवते, बेल ओंब्रच्या बंगल्यात पूर्वजांचे कागद मिळत नाहीत. आमचा एक अख्खा शनिवार त्यात गेला. मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर, उसाच्या मळ्याच्या मालकांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा पांढरा बंगला आता रेस्टॉरंट आहे. शेजारी गोल्फचं मैदान, पंचतारांकित हॉटेलं. दारातल्या मुलाने अदबीने विचारलं, "टेबल बुक केलंय?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "माझे पणजोबा इथे ऊस तोडायचे." बिचारा गोंधळून नुसता हसला.

मी चिपळूणची, लग्न होऊन इकडे आले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू इथे आल्या होत्या. इथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारं कार्ड) मिळेल असं त्यांनी जाहीर केलं आणि आईंनी ध्यासच घेतला. त्यासाठी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या पूर्वजाची नोंद हवी. ती मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दफ्तरात असते. पण तिथे जायचं तर आपल्यापासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचे दाखले जोडून न्यावे लागतात.

माझं डोकं फिरलं ते या दाखल्यांपायी. आईंच्या आजोबांच्या जन्मनोंदीत बापाचं नाव 'साकाराम', लग्नाच्या नोंदीत 'सक्काराम'. नोंदणी कचेरीतल्या खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, नावं दोन म्हणजे माणसं दोन. मी म्हटलं, अहो, सखाराम! तो स्वतः सही करत नव्हता, फ्रेंच कारकुनाने कानाला ऐकू आलं ते लिहिलं. बाईंनी फाइल माझ्याकडे सरकवली. "विनी लँदी." सोमवारी या. सोमवारी गेलो तर बाई रजेवर. पुढच्या सोमवारी म्हणाल्या, कोर्टातून शपथपत्र आणा. आणलं, तर त्यात आईंच्या आडनावात एक अक्षर कमी! चौथ्या खेपेला मी डबा घेऊनच गेले. पोळीभाजी तिथल्या बाकावर बसून खाल्ली, मुद्दाम, त्यांना दिसेल अशी. (कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती न्या. हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं.)

सुटका झाली ती आईंच्या नजरेने. वाट बघता बघता त्या लग्नाच्या दाखल्यावर बोट फिरवत होत्या. "अगं, हे काय?" बापाच्या नावापुढे बारीक अक्षरात सहा आकडे. जन्मनोंदीतही तेच सहा. गिरमिटावर आलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा. नाव कसंही लिहा, नंबर बदलत नाही. बाईंनी दोन्ही कागद उजेडात धरले, दोनदा मोजले आणि शिक्का मारला. म्हणून सांगते, नावाशी झगडू नका, नंबर शोधा.

पुढे मोक्यात फार वेळ लागला नाही. नोंदीची नक्कल आली. वय, उंची, डाव्या भुवईवर व्रण, मळा बेल ओंब्र. गावाच्या रकान्यापाशी मात्र तिथला माणूस अडखळला. 'सुंगमेशवूर', त्याने कसंबसं वाचलं.

"संगमेश्वर," मी म्हटलं. चिपळूणहून तासा-दीड तासावर. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते गाव मीच वसवलं होतं.