डेंग्यूनंतरचा थकवा आणि माझी वही

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घरोघरी बॅरल, घागरी भरून ठेवलेल्या असतात, आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पावसाळा सरता सरता मला डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या आणि सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले.

मला मात्र जिना चढला की पाय लटपटायचे. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. कॉलर लावता लावता पुढे काय करायचं तेच सुचेनासं व्हायचं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड. सासूबाई मायेनं म्हणायच्या, "जरा फिरून ये गं, अंग मोकळं होईल."

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी १२, लिव्हर सगळं तपासलं. रिपोर्ट चांगले आले, तसं घरात "मग काहीच नाही" सुरू झालं. हेच मला सर्वात जास्त लागलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून थकवा खोटा ठरत नाही, ताई. व्हायरल आजारानंतर तो काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो." रोज काय काम केलं आणि पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले, हे वहीत लिहायला त्यांनीच सांगितलं.

वहीमुळे उलगडा झाला. लक्ष्मी मार्केटातून भाजी आणली, संध्याकाळी सगळ्यांच्या भाकरी थापल्या, त्या दिवशी "आज छान वाटलं" असं लिहिलंय. दोन दिवसांनी: "उठवत नाही." श्रमाचा फटका उशिरा बसत होता, त्यामुळे कारण कधी हाती लागतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होत असेल तर जोर लावून व्यायाम वाढवायचा नाही. एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये तसा ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नका असंच सांगितलंय. मला तो आजार आहे असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, पण सावधगिरी तीच.

मग मी दमण्याआधी थांबू लागले. हे फार अवघड जातं, कारण तेव्हा हात चांगले चालत असतात. भाकरी बसून थापायच्या, मशीनवर थोडा वेळ बसलं की आडवं व्हायचं, मोबाइलही बाजूला. कपडे धुणं आणि बाजार एका दिवशी नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे देवाच्या लग्नाला गेले, पण मागचे-पुढचे दिवस मोकळे ठेवून. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज डोळे भरून पाहिले आणि नंतर आजारी पडले नाही!

सुधारणा हळूहळू झाली, मध्ये घसरणही झाली. आता शाळांचा सीझन आहे. मालकांशी बोलून निम्मंच काम घेतलंय, तेही घरी आणून. धाप लागणं, छातीत दुखणं, पुन्हा ताप किंवा वजन घटणं असं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. ते मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, घरातल्यांनाही दिसावं म्हणून.