आयोगावरच्या न्यायमूर्तींना पैसे कोण देतं?

मी वकिली करते आणि अधूनमधून कायद्यावर बोलायलाही जाते. चौकशी आयोगाचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आयोगावरच्या न्यायमूर्तींना पगार किती असतो? आणि तो सरकारच देत असेल, तर ते सरकारची चौकशी काय करणार?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात पगाराचा आकडा सापडणार नाही. सदस्यांची मुदत आणि सेवाशर्ती यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १२ देतं, आणि तो आयोग नेमणाऱ्या सरकारलाच. निवृत्त न्यायमूर्तींच्या बाबतीत सर्वसाधारण रीत अशी की शेवटच्या पगारातून निवृत्तिवेतन वजा करून उरेल ते द्यायचं. सेवेतल्या न्यायमूर्तींना त्यांचा नेहमीचाच पगार मिळतो. उच्च न्यायालयातल्यांचा तो राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, म्हणजे विधानसभेत मताला टाकला जात नाही.

मुंबई दंगलींची चौकशी करणारे न्या. श्रीकृष्ण तेव्हा उच्च न्यायालयाचे कार्यरत न्यायमूर्ती होते. त्यांच्या पगाराला हात लावणं कोणालाही शक्य नव्हतं. तरीही जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने आयोगच गुंडाळला. मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. पगार सुरक्षित असला म्हणून आयोग सुरक्षित असतोच असं नाही.

मला खरी काळजी वाटते ती न्यायमूर्तींच्या मानधनाची नाही, बाकीच्या खर्चाची. लघुलेखक, सचिव, आयोगाचे वकील, शिपाई, जागा, झेरॉक्स. कोरेगाव भीमाच्या हिंसाचाराच्या चौकशीसाठी २०१८ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला, तेव्हा मुदत चार महिन्यांची होती. मुदतवाढी मिळत गेल्या, पण २०२० च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि आयोग गुंडाळण्याची भाषा आयोगालाच करावी लागली. अशा वेळी आयोग बंद करण्याची अधिसूचना कोणाला काढावी लागत नाही. बिल मंजूर झालं नाही की काम आपोआप थांबतं.

ज्युनिअर असताना मी एका आयोगापुढे हजर राहायचे. एकदा साक्षीला एक शेतमजूर बाई आल्या होत्या. एसटीचं तिकीट त्यांनी पासबुकात जपून ठेवलं होतं. लघुलेखक आले नव्हते, म्हणून साक्ष झालीच नाही. साक्षीदारांचा प्रवासखर्चही याच कलम १२ खालच्या नियमांतून मिळतो, म्हणून मी त्यांचा अर्ज लिहून दिला. कारकून म्हणाले, "ताई, ग्रँट आलेली नाही. पुढच्या तारखेला बघू." पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडाली होती, दुसरी कोण बुडवणार? अहवालात त्यांचं म्हणणं कुठेही नाही. याचा मला आजही राग येतो.

उलट बाजूही आहे. अयोध्येच्या चौकशीसाठी डिसेंबर १९९२ मध्ये नेमलेल्या लिबरहान आयोगाला तीन महिने दिले होते. ४८ मुदतवाढी घेऊन २००९ मध्ये अहवाल आला आणि सुमारे ८ कोटी रुपये खर्च झाले. लोक चिडतात ते बरोबरच आहे. पण मुदतवाढ देतं सरकारच, आणि दर वेळी खर्चाचा हिशोब लोकांपुढे ठेवण्याचं बंधन कायद्याने घातलेलं नाही.

ब्रिटनच्या २००५ च्या चौकशी कायद्यातलं कलम ३९ मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तिथेही सदस्यांचं मानधन मंत्रीच ठरवतो. चौकशी ठरवून दिलेल्या विषयाबाहेर जाते आहे असं वाटलं तर नोटीस देऊन तेवढ्या कामाचे पैसे रोखण्याची मुभाही त्याला आहे. ही तरतूद मला अजिबात पटत नाही. मात्र चौकशी संपल्यावर वाजवी मुदतीत एकूण खर्च जाहीर करणं मंत्र्यावर बंधनकारक आहे. एवढं आपल्याकडेही व्हायला हवं. माझ्या मते महाराष्ट्राला आपल्या आयोगांपुरता असा नियम कलम १२ खाली करता येईल, संसदेत जायची गरज नाही. त्याच नियमात मुदतीइतका निधी आधीच आयोगाच्या हाती देण्याची तरतूद घालावी.

तोवर, एखाद्या आयोगाबद्दल शंका असेल तर माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: नेमणुकीची अधिसूचना, सेवाशर्तींचा शासन निर्णय, आणि प्रत्येक मुदतवाढीच्या काळात मंजूर झालेल्या व अडलेल्या बिलांची यादी. अर्ज आयोग नेमणाऱ्या खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा.